गोड हाकांचा संशय

यंदाही सप्टेंबर संपता संपता फुटपाथवर चेस्टनट पडायला लागले. खायचे नव्हेत, शाळेतली पोरं दोऱ्यात ओवून एकमेकांच्या चेस्टनटवर आपटतात ते, तपकिरी आणि तुकतुकीत. पायाखाली एखादा आला की माणूस सरळ आडवाच. हवेत ओल्या पानांचा वास आणि वारा ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यांच्या बाजूनं असेल त्या दिवशी चॉकलेटचा. हा वास आला की इतर लोकांना भूक लागते. मला संशय यायला लागतो.

परवा सुपरमार्केटच्या रांगेत माझ्या पुढे एक तरुण आई उभी होती. ट्रॉलीत बसवलेल्या बाळाच्या नाकावर नाक घासत ती पोलिशमध्ये म्हणाली, "कोहान्ये, मोया कोहाना." म्हणजे लाडके, माझे लाडके. बाळ खिदळलं, मागची म्हातारी कौतुकानं हसली, पैसे घेणारी मुलगीही हसली. माझ्या मात्र मनात आलं, अगं बाई, हळू. भर दुकानात, इतक्या लोकांत कशाला?

माझा स्वभाव मुळातच संशयी. सासरी म्हणतात, हिला दूध पांढरं आहे म्हटलं तरी ही पातेलं खिडकीशी नेऊन बघेल. बघेन की. बघून घेतलं तर काय बिघडतं? पण पोलिश भाषेचा मला जो संशय होता, तो या सगळ्याहून वेगळा होता. तो एका सबंध भाषेवरच होता.

दोन हजार सहाची गोष्ट. आम्ही स्लाऊमध्ये पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचो, मी, माझा नवरा प्रसाद आणि आमची पाच-सहा महिन्यांची मुलगी. त्या दोन वर्षांत पोलंडहून इतकी माणसं आली होती, की बसमध्ये निम्मं बोलणं श, च आणि झ यांचंच ऐकू यायचं. समोरच्या फ्लॅटमध्ये डानुता राहायची. पन्नाशी उलटलेली, हाडापेरानं मजबूत, केस लालसर रंगवलेले. तिचा मुलगा आणि सून वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करायची आणि ही दिवसभर घरी. माझी मॅटर्निटी लीव्ह संपत आली होती. नर्सरीत जागा नव्हती आणि आई व्हिसासाठी अडकली होती. मी नोकरी सोडली असती तर पुन्हा मिळण्याची खात्री नव्हती. प्रसादनंच डानुताला विचारलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप्रन लावूनच दारात उभी.

आणि मग सुरू झाला तो धबधबा. मिश्को, म्हणजे उंदरे. झाप्को, म्हणजे बेडके. रिप्को, मासोळे. स्वोनेच्को, छोट्या सूर्या. स्कार्ब्ये, खजिन्या. क्रुशिन्को म्हणजे भाकरीचा पडलेला बारका चुरा, हे तर माझ्या मुलीला दर दोन वाक्यांनी. लंगोट बदलताना, नाक पुसताना, झोपवताना, आणि ती झोपल्यावर सुद्धा. मी बाहेरच्या खोलीत चपला घालत उभी राहायचे आणि कान टवकारून मोजत नाही म्हटलं तरी मोजायचे.

बरं, बाळापुरतं असतं तरी एकवेळ समजलं असतं. ही बाई चहाला हेर्बात्का म्हणायची. म्हणजे चहुल्या, चहाबाळा असं काहीतरी. सूप म्हणजे झुप्का. बटाटे सोलताना बटाट्यांना लाडाचं नाव, पावसाची भुरभुर आली की तिलाही लाडाचं नाव. मला वाटायचं, जी बाई बटाट्याला गोंजारते, तिच्या तोंडच्या 'लाडके'ची किंमत ती काय? आमच्याकडे बघा. आई मला हाक मारायची ती "ए भवाने" म्हणून. आजोबा तिसऱ्या हाकेला "कुठे तडमडलीस?" म्हणायचे, आणि त्यात एवढी माया असायची की पोट भरायचं. नवऱ्याला तर काय, आईनं जन्मभर "ऐकलंत का" यावर निभावलं. तोंडानं फार गोड बोलणाऱ्या माणसाला आमच्याकडे साखरपेरा म्हणतात आणि त्याला उधार देत नाहीत.

पण खरं कारण हे नव्हतं. खरं कारण मी कुणाला सांगत नसे.

माझ्या मुलीचं कागदावरचं नाव ईशानी. घरात मी तिला धोंडी म्हणायचे. "धोंडे, उठलीस का? धोंडे, दूध पी." आणि हे नुसतं लाडाचं वेडंवाकडं नाव नव्हतं. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे पुढच्या मुलाला दगडू म्हणतात, धोंडू म्हणतात, केरू म्हणतात. केराच्या सुपात घालून काढतात, मूठभर धान्याला शेजारणीला विकून परत घेतात. नेणाऱ्याला वाटावं की ही काही न्यायच्या लायकीची वस्तू नाही. आमच्या घराण्यात एक दगडूकाका होते, आधीची तीन भावंडं गेल्यावर झालेले, ते नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले. मी बी.कॉम. झालेली, इंग्लंडात अकाऊंट्स बघणारी बाई. पण दगडूकाका नव्वदीपर्यंत जगले, हे काही मला खोडून काढता येत नव्हतं.

धोंडीच्या आधी मला पुण्यात एक मुलगी झाली होती. फार लवकर झाली, ओंजळीएवढी. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. पेटीला हात घालायला गोल भोक असतं, त्यातून मी एक बोट घालायचे आणि तिला हाका मारायचे. सोनं म्हणून नको, राणी म्हणून नको, जगात जेवढं गोड म्हणून आहे तेवढं सगळं. नाव मी तिला एक खास ठेवलं होतं, फक्त माझं. काही दिवसांनी ती गेली. बारा-तेरा बायका बसायला आल्या होत्या, त्यात प्रसादची आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "इतक्या गोड हाका मारत होतीस गं. ऐकल्या कुणीतरी." आत्या वाईट नव्हती. तिला सांत्वनच करायचं होतं. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं ते बसलंच.

म्हणून धोंडी. म्हणून मी तिचा पापा घ्यायचे तो दार लावून, पडदे ओढून, आणि पटकन. आणि अशा माझ्या घरात समोरची बाई येऊन दिवसभर, खिडक्या उघड्या टाकून, माझ्या मुलीला सूर्य म्हणत होती. आता सांगा, मला झोप कशी येणार?

ऑक्टोबर लागला आणि बाबागाडीला लाल फीत दिसली. दांड्याच्या आतल्या बाजूला, सहज दिसू नये अशी, घट्ट गाठी मारलेली. मी ऑफिसमधून आले होते, हातातली पिशवी तशीच खाली गेली. आमच्याकडे दारात लिंबू-मिरची टाकलेली बघून मोठी झालेली मी. लाल दोरा, गाठी, लपवून बांधलेला. याला काय म्हणतात ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी ती फीत डाव्या हातानं सोडली आणि खालच्या मोठ्या डब्यात टाकून आले. प्रसाद म्हणाला, "अगं डेकोरेशन असेल." त्याला सगळं डेकोरेशनच वाटतं.

दुसऱ्या दिवशी नवी फीत. ती टाकली. तिसरी आली ती सरळ गादीच्या कडेला शिवूनच. मी कात्रीनं उसवली. डानुतानं एका शब्दानं विचारलं नाही आणि मीही नाही. पण मग माझ्याही लक्षात एक गोष्ट आली. मी सकाळी धोंडीच्या गालावर काजळाची तीट लावून जायचे, चांगली ठसठशीत. संध्याकाळी गाल स्वच्छ. आंघोळ नाही, काही नाही, तेवढीच जागा पुसून लालसर झालेली. मग मी तीट कानामागे लावली. ती पुसली. तळपायाला लावली. तीही पुसली. मी फोनवर आईला सांगितलं. आई हळूच म्हणाली, की तीट पुसणाऱ्या बाईच्या ताब्यात पोर देऊ नये, बघ बाई काय ते.

त्या आठवड्यात धोंडीला ताप आला. दात येत होते, डॉक्टरही तेच म्हणाले. पण मी वेम्बलीला जाऊन ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून जाड मिठाचे खडे आणि सुक्या मिरच्या आणल्या, मोहरी घरात होतीच, आणि तिच्यावरून ओवाळून तव्यावर टाकल्या. नजर असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. ठसका आला की नाही ते मला आजतागायत माहीत नाही, कारण त्याआधी स्मोक अलार्म बोंबलायला लागला. प्रसाद खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतोय, धोंडी भोकाड पसरतेय आणि दारात डानुता. तिनं तवा बघितला, माझ्या मुठीतलं मीठ बघितलं, आणि बाळाला माझ्याकडून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. त्या क्षणी तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण तो माझ्याच घरचा माल होता. ती माझ्यावर संशय घेत होती.

किती, ते पुढच्या आठवड्यात कळलं.

इथे हेल्थ व्हिजिटर म्हणून एक नर्स असते, तान्ह्या बाळांच्या घरी येऊन बघून जाणारी. आमची ठरलेली भेट नव्हती, तरी ती आली. पिकल्या केसांची, मवाळ बोलणारी. चहा नको म्हणाली तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिनं विचारलं, झोप लागते का, रडू येतं का, बाळाबद्दल काय वाटतं. मग विचारलं, बाळाच्या तोंडाला काळं का फासता? आणि तिला 'दगड' म्हणता, ते खरं का?

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गप्पांत ही गोष्ट नेहमी असायची, कुणाच्या तरी ओळखीच्या कुणाचं तरी मूल कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, काढून नेल्याची. नाव-गाव कुणालाच माहीत नसायचं, पण घाबरायला नाव-गाव कुठे लागतं? एक मूल मी वरच्याला देऊन बसले होते. हे दुसरं आता खालचे नेणार. मी काय उत्तरं दिली आठवत नाही. 'कस्टम', 'कल्चर' असे शब्द बोलले आणि ते माझ्याच कानाला खोटे वाटले. ती म्हणाली, की काळजी वाटणाऱ्या एका माणसानं क्लिनिकमध्ये सांगितलं, ती पुन्हा येईल. धोंडीला वजनाला क्लिनिकमध्ये कोण नेत होतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. आणि धोंडीचा अर्थ डानुताला कुणी सांगितला, तेही रात्री कळलं. प्रसादनं. जिन्यात. हसत हसत.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलेच नाही. डानुता आली, ॲप्रनची गाठ मारू लागली, तेवढ्यात मी धोंडीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिले. आमचं दोघींचं इंग्लिश म्हणजे तिचं तुटकं आणि माझं रागात तुटलेलं. मी म्हटलं, माझ्या घरात येऊन माझी चुगली करतेस? ती मागे हटली नाही. म्हणाली, हो, केली. मी अशा आया बघितल्या आहेत. तू बाळाला दगड म्हणतेस. तिच्यावर घाण लावतेस. मी बांधलेली फीत कापतेस. कधी एक गोड शब्द नाही. मला भीती वाटली, म्हणून सांगितलं. पुन्हा सांगेन.

"फीत कसली ती?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की हे पण माहीत नाही? मग डोळ्यांकडे बोट नेलं, तेच बोट बाळाकडे वळवलं आणि मध्येच हवेत अडवलं. बघणाऱ्याची नजर लाल रंगावर जाते, बाळावर पडत नाही. तिच्या आईनं तिच्या गाडीला बांधली होती, तिनं मुलाच्या.

मी धोंडीला घेऊन खुर्चीवर बसले. हसू यायला हवं होतं, मला आलं नाही. ज्या नजरेला ती फितीनं अडवत होती, तिलाच मी काजळानं. आणि आम्ही दोघी रोज एकमेकींची कुंपणं काढून टाकत होतो. मी धोंडीच्या गालावर बोट ठेवून म्हटलं, काळं, तेही त्याच्यासाठीच. ती हळूच समोर बसली. मग तिनं विचारलं, मग दगड का?

आणि मी सांगितलं. इंग्लंडात आल्यापासून कुणालाही सांगितलं नव्हतं, ते मी या चुगलखोर बाईला सांगितलं. पेटी, गोल भोक, बोट. हाका. आत्याचं वाक्य मी शब्दाला शब्द सांगितलं, आणि इंग्लिशमध्ये ते आणखीच भयंकर वाटलं. माझं संपल्यावर डानुतानं टेबलावरचे कण बोटानं गोळा केले.

मग म्हणाली, "ती मूर्ख बाई. लहान बाळाला कुठे काय माहीत असतं, राहायचं की जायचं. तू हाका मारल्यास. म्हणून ती तेवढे दिवस राहिली."

मी सांत्वनाला भुलणारी बाई नाही. माणसं दुःखात वाट्टेल ते बोलतात, आणि गोड बोलणाऱ्यांचं तर विचारूच नका. हे वाक्य मी तेव्हाही उलटंपालटं करून बघितलं आणि नंतरची कित्येक वर्षं बघत आलेय. खरं असेल असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण आत्याचं तरी खरं कशावरून होतं? तिचं मात्र मी एका दमात मान्य करून टाकलं होतं, कसलीही चौकशी न करता. माझ्यासारख्या बाईनं.

हेल्थ व्हिजिटर पुन्हा आली तेव्हा डानुता माझ्या शेजारी सोफ्यावर ठाण मांडून बसली. मी पहिल्या मुलीबद्दल सांगितलं. अर्ध्यावर माझे शब्द संपले, तर उरलेलं डानुतानं तिच्या इंग्लिशमध्ये सांगितलं, हातवारे करून, फीत, काजळ आणि दगडूकाकांसकट. त्या बाईनं पेन खाली ठेवलं. जाताना म्हणाली, की तिच्या आजीच्या घरात बाळाच्या पाळण्याखाली विळा ठेवायचे. त्या दिवशी तिनं चहा घेतला आणि त्यानंतर ती फक्त लशींच्या वेळेला आली.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला पोलिश लोक आपल्या मेलेल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. काचेच्या भांड्यातले, झाकणवाले, वाऱ्यात न विझणारे. डानुताची माणसं सगळी तिकडे, म्हणून ती इथल्या दफनभूमीत कुणीच येत नाही अशा जुन्या इंग्लिश थडग्यांवर लावायची. दुपारी ती पिशवीत दिवे घेऊन माझ्या दारात आली. एक तुझ्या मोठीसाठी लावते, म्हणाली. नाव काय तिचं?

मी म्हटलं, बारसं झालं नव्हतं.

"तू काय म्हणायचीस?"

दारात उभं राहून, जिन्यात कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत असताना, मी म्हटलं, "छबू." ते नाव हॉस्पिटल सोडल्यापासून माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. डानुतानं ते दोनदा म्हणून बघितलं, छबू, छबू, मग तिच्या सवयीनं त्याला एक शेपूट जोडलं, छबुश्का. माझ्या गालावर तिचा लसणाचा वास येणारा हात ठेवला आणि म्हणाली, "त्सुरेच्को." म्हणजे लेकी, छोट्या लेकी. हे ती मला म्हणाली. मी तिशी ओलांडलेली, टॅक्स भरणारी बाई. मी तिचा हात बाजूला करायला हवा होता, पण मी तिथेच उंबऱ्यात लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडले.

ती गेल्यावर मी धोंडीला आंघोळीला घेतलं. टबात तिची निळी बादली, कोमट पाणी. बाथरूमचं दार आतून लावलं. मग बेसिनचे गरम आणि थंड दोन्ही नळ पूर्ण सोडले, खळखळाट इतका की शेजारच्या खोलीतला माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये. मी वाकून तिच्या ओल्या कानाशी तोंड नेलं. सोन्या म्हटलं. चिमणे म्हटलं. बबडे, राणी, माझं बाळ, माझं पिल्लू. साठवून ठेवलेलं सगळं. ते संपलं तेव्हा डानुताचंही म्हटलं, मिश्को, क्रुशिन्को, जसं येईल तसं. धोंडी आधी दचकली, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि दोन्ही हातांनी पाणी उडवायला लागली. मी नळ बंद केले. एकदम शांत झालं. तिला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं आणि दाराकडे बघितलं. कुणी आलं नव्हतं.